सलाम कोणास व कां?

वाचन : रोमकरांस पत्र, अध्याय १३; एस्तेर, अध्याय २ ते ६; मार्क, अध्याय १५.



रत्नागिरी जिल्ह्यांतील खेडोपाडींच्या मंडळ्यांत आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. फौजेंत गेलेला आपला मुलगा साहेबापुढें हात उचलून सलाम करितो, तें मनुष्यापुढें नमन करणें नव्हे काय? कांहीं उपदेशकांनाही हीच शंका आहे. ती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. ज्यांच्या आजापणजांना पाटलाच्या ओसरीखालीं वांकून जोहार घालावा लागे, त्यांच्या घरांतून ती आली आहे.

तर सलाम म्हणजे काय तें आधीं पाहूं. सलाम करणारा शिपाई वांकत नाहीं. तो टांचा जुळवून ताठ उभा राहतो, नजर समोर ठेवितो, आणि उजव्या हाताचा उघडा पंजा टोपीच्या कडेपर्यंत नेतो. डोक्यावर टोपी किंवा पगडी नसेल तर तो हात उचलीत नाहीं, नुसता सावधान उभा राहतो. शिवाय ज्यास सलाम केला त्यानेंही उलट सलाम केला पाहिजे; न करील तर शिष्टाचाराचा भंग त्याच्याकडून होतो. हा मान अंमलदाराच्या देहास नसून त्याच्या सनदेस असतो. पूर्वीं ती राजाची होती, आतां राष्ट्रपतींची आहे. म्हणून अंमलदार मनास आवडो वा न आवडो, सलाम चुकत नाहीं. पौलानें रोम येथील मंडळीस लिहितांना कर, जकात, धाक आणि मान हीं चार देणीं एकाच ओळींत बसविलीं आहेत. मान हें देणें आहे, भक्ति नव्हे. आणि देणें फेडणारा कोणाचा गुलाम होत नाहीं.

जोहार निराळा होता. तो जन्मास बांधलेला होता. हा भेद आपल्या जिल्ह्यास अनुभवानें ठाऊक आहे. मुंबईच्या जुन्या फौजेंत महार जातीचे जमादार व सुभेदार झाले. मंडणगड तालुक्यांतील आंबडवे गांवचे रामजी सकपाळ, डॉ. आंबेडकरांचे वडील, हे सुभेदार होते. अशा कित्येक पेन्शनरांनीं दापोलीस घरें केलीं. पलटणींत हुद्दा पाहिला जाई, गांवांत जात. कवायतीच्या मैदानावर ज्यास शिपाई सलाम करीत, तोच सुभेदार गांवीं परतला कीं विहिरीपासून दूर उभा राही. १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद झाली, तेव्हां दापोलीस राहणारे निवृत्त सैनिक गोपाळबुवा वलंगकर यांनीं १८९४ त सरकारकडे अर्ज तयार केला. भाकरीचा प्रश्न त्यांत होताच. पण ताठ उभें राहण्याची जी एकच जागा त्यांना लाभली होती, तीही जात होती.

आतां फौजेंतील एक प्रघात ऐका. व्हिक्टोरिया क्रॉस हें शौर्यपदक १८५६ त निघालें, व हुद्दा किंवा नोकरीचीं वर्षें त्यास कारण होऊं नयेत असें मूळ फर्मानांतच घातलें गेलें. हिंदी शिपायांस तें १९११ पासून मिळूं लागलें. हें पदक ज्याच्या छातीवर असेल, त्यास वरिष्ठ अंमलदारांनींही आधीं सलाम करावा, असा लेखी नियम नाहीं, पण चाल आहे. म्हणजे ज्यानें नेहमीं सलाम घ्यावयाचा, तो येथें शिपायापुढें हात उचलितो.

नगर जिल्ह्यांतील निमजचे नामदेव जाधव मराठा पलटणींत साधे शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनिओ नदीवर त्यांनीं एका जखमी सोबत्यास उचलून खोल पाण्यांतून, उभ्या दरडीवरून व सुरुंगांतून सुरक्षित जागीं नेलें. मग परत जाऊन दुसऱ्यास आणिलें. त्यानंतर पुन्हां पुढें जाऊन त्यांनीं शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडिल्या, हातास जखम झाली असतांही. माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं तिबेर नदीच्या खोऱ्यांत, आपल्या तुकडींतील सर्वजण पडल्यावर, एकटेच मशीनगनवर धांवून गेले, ती बंद पाडिली व तेथेंच मारले गेले. त्यांचें पदक त्यांच्या विधवेच्या हातीं देण्यांत आलें. मनुष्यवधाची कथा सांगतांना पाळकाची जीभ अडखळते, हें आम्ही लपवीत नाहीं. आमचें मन जाधवांच्या त्या दोन खेपांपाशींच अधिक वेळ थांबतें. तसेंच कारवारजवळच्या चेंडिया येथील रामा राघोबा राणे यांच्यापाशीं. एप्रिल १९४८ त नौशेरा ते राजौरी ह्या वाटेवर, पहिल्याच दिवशीं जखमी होऊनही, ते ८ पासून ११ तारखेपर्यंत रणगाड्यांपुढें सुरुंग काढीत व अडथळे मोडीत राहिले. त्यांस परमवीर चक्र मिळालें. तें चक्र कांश्याचें असतें, आणि त्याखालचें महावीर चक्र रुप्याचें. बाजारभावानें मान तोलणाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा.

शास्त्रांत हा शिष्टाचार एस्तेरच्या पुस्तकांत दिसतो. मर्दखयानें हामानापुढें गुडघा टेंकिला नाहीं, म्हणून त्याच्या सर्व लोकांवर संकट ओढवलें. पण त्याच मर्दखयानें राजाचा प्राण वांचविला होता. तें कृत्य बखरींत लिहिलें गेलें आणि विसरलें गेलें. राजास तें आठवलें तेव्हां मर्दखयास घोड्यावर बसवून पुढें ललकारी देत चालण्याचें काम हामानासच करावें लागलें. त्याच्या उलट, मार्काच्या १५ व्या अध्यायांत रोमी शिपाई प्रभूस जांभळें वस्त्र नेसवून राजास करावा तसा सलाम करितात आणि वेतानें मारितात. तेथें रीत पुरी होती, मान मात्र नव्हता.

आपल्या मंडळ्यांत काय दिसतें? सुगीच्या सणास पुढला बांक मोठी देणगी देणाऱ्यास मिळतो. फौजेंत मुलगा गमावलेली बाई दाराशीं पायऱ्यांवर बसते, आणि तिला आंत बोलवावें हें पंचांना सुचत नाहीं. मूर्तिपूजेची शंका विचारणारे बंधु ह्याविषयीं आम्हांस कधींच विचारीत नाहींत.

मुलांस १५ ऑगस्टला शाळेंत झेंड्यापुढें सलाम करूं द्या, व तो वांकून केलेला जोहार नव्हे हें घरीं समजावून सांगा. आणि मुंबईस जातां-येतां माणगांवास यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे, तेथें उतरणें झालें तर हात उचलण्याची गरज नाहीं. आपणांपैकीं बहुतेकांच्या डोक्यावर टोपी नसते. क्षणभर ताठ उभें राहिलें म्हणजे झालें.