नश्वराचा आस्वाद: जपानमधील शरदाचा चंद्र आणि काइसेकी भोजन

तृष्णेतून दुःख उपजते, हे बुद्धाने सांगितलेले दुसरे आर्यसत्य. सहाव्या शतकात बौद्ध धर्म जपानमध्ये पोहोचला आणि तिथल्या काव्यावर, उद्यानांवर, स्वयंपाकावरही त्याची छाप पडली. त्याच जपानमध्ये शरदाच्या आरंभी चंद्र पाहण्याचा सोहळा होतो आणि ऋतूला साजेसे काइसेकी नावाचे भोजन मोठ्या निगुतीने वाढले जाते. जे टिकणार नाही त्यात मन रमवणे ही आसक्तीच आहे, की अनित्यता समजून घेण्याची ती एक वाट आहे, असा प्रश्न यातून उभा राहतो.

चंद्रदर्शनाच्या प्रथेला त्सुकिमी म्हणतात. चीनमधून आलेली ही चाल हेइआन काळात (794–1185) दरबारी उमरावांनी उचलली. तलावात नावा सोडून, पाण्यातले चंद्रबिंब पाहत ते कविता रचत. क्योतोतील दाइकाकुजी मंदिराच्या ओसावा तलावावर आजही शरदात अशा नावा निघतात. पुढे ही प्रथा सुगीच्या कृतज्ञतेशी जोडली गेली. जुन्या चांद्र पंचांगातील आठव्या महिन्याच्या पंधराव्या रात्री, म्हणजे जूगोयाला, तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे, नव्या अळकुड्या आणि सुसुकी नावाच्या गवताचे तुरे चंद्रासमोर मांडतात. ही रात्र सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येते.

नवव्या महिन्याची तेरावी रात्र, जूसान्या, अधिक विचार करायला लावते. त्या रात्री चंद्रबिंब थोडे अपुरे असते आणि तरीही ते मुद्दाम पाहिले जाते. दोन रात्रींपैकी एकच पाळणे अशुभ, अशी समजूत होती. ढगांआड गेलेल्या आणि पावसाने हिरावलेल्या चंद्रालाही मुगेत्सु व उगेत्सु अशी नावे आहेत. चौदाव्या शतकातील भिक्षू योशिदा केन्को याने ‘त्सुरेझुरेगुसा’ या ग्रंथात, चंद्र काय फक्त निरभ्र आकाशातच पाहावा, अशी शंका घेतली आहे. न दिसणाऱ्या चंद्राची हुरहुरही त्याच्या लेखी रसिकतेचाच भाग होती. आनंद वस्तू पुरती हाती लागण्यावर अवलंबून नसेल, तर ती निसटली म्हणून तो आनंद खोटा ठरत नाही.

साइग्यो (1118–1190) या कवीला मात्र हा पेच आयुष्यभर पुरला. योद्ध्याचे जीवन सोडून तो तरुणपणीच भिक्षू झाला, पण फुलांची आणि चंद्राची ओढ सुटली नाही, आणि त्याने ती कवितेत लपवलीही नाही. बौद्ध परंपरेत पूर्ण चंद्र बोधीचे प्रतीक असल्याने त्याच्या काव्यात सौंदर्याची ओढ कुठे संपते आणि साधना कुठे सुरू होते, हे सांगणे अवघड आहे.

भोजनाच्या बाबतीत प्रश्न आणखी टोकदार होतो. चंद्र दुरून पाहता येतो. अन्नाचा आस्वाद घ्यायचा तर ते संपवावेच लागते. काइसेकीची मांडणी हे वास्तव उघडपणे स्वीकारते. प्रत्येक जिन्नसाच्या तीन अवस्था मानल्या जातात: नुकती आवक सुरू होते ती हाशिरी, ऐन बहराची शुन आणि निरोपाची नागोरी. शरदाच्या आरंभी हामो हा उन्हाळी मासा सरत आलेला असतो आणि मात्सुताके ही अळंबी नुकती येऊ लागते. या दोहोंचे एकत्र सूप हा त्या दिवसांतील मानाचा पदार्थ आहे. एकाचे जाणे आणि दुसऱ्याचे येणे एकाच वाडग्यात चाखायला मिळते. त्सुकिमीच्या सुमारास अंड्याचा गोल बलक किंवा तसाच वाटोळा पदार्थ रश्शात ठेवून चंद्र सुचवला जातो.

या दृष्टीला झेन परंपरेत आधार सापडतो. दोगेन या आचार्याने 1237 मध्ये मठातील स्वयंपाक्यासाठी ‘तेन्झो क्योकुन’ लिहिले. साध्या भाजीलाही उंची पदार्थाइतक्याच आदराने हाताळावे आणि जिन्नसांत डावे-उजवे करू नये, अशी त्याची शिकवण आहे. येथे वैराग्याचा अर्थ बेपर्वाई असा होत नाही. काळजी पूर्ण घ्यायची आणि हक्क सांगायचा नाही, अशी ही शिस्त आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या आचार्याच्या चहाविधीतील काइसेकी जेवण भात, सूप आणि मोजक्या पदार्थांचे असे. चहा पिण्याआधी पोटाला आधार, एवढेच त्याचे काम. आजच्या महागड्या उपाहारगृहांतील काइसेकी मद्यासह चालणाऱ्या मेजवान्यांच्या परंपरेतूनही घडले आहे, आणि तिथे दुर्मीळ पदार्थ प्रतिष्ठेची खूण होऊ शकतो. तसे झाले की ऋतूची जाण उरत नाही, उरते ती केवळ मिळवण्याची हाव. म्हणून आस्वाद आणि आसक्ती यांतला फरक ताटातल्या पदार्थांवरून ठरवता येत नाही. सरत्या ऋतूचा मासा पुढच्या आठवड्यात मिळणार नाही, हे कळल्यावर जो कृतज्ञतेने जेवतो त्याचा आस्वाद धर्माशी विसंगत नाही. तोच मासा बारमाही मिळावा असा हट्ट धरणाऱ्याच्या मनात मात्र बुद्धाने सांगितलेली तृष्णाच काम करत असते.