बक्षीस नेमकं कशाचं?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक, नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते जयंत विष्णू नारळीकर! नाव पाहून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी केली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. केंब्रिज गाजवून आलेल्या माणसानं एवढा खटाटोप का करावा, असं मला पूर्वी वाटायचं.

विज्ञानकथांच्या चाहत्यांचं 'वर्ल्डकॉन' हे जागतिक संमेलन ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या ग्लासगोत भरलं. तिथले ह्यूगो पुरस्कार परीक्षक नव्हे, वर्गणी भरलेले सभासद मतदानानं ठरवतात. त्या वर्षी आलेल्या ३,८१३ मतपत्रिकांपैकी ३७७ बनावट निघाल्या. काही मतदारांची आडनावं तर सारखीच, फक्त पहिलं अक्षर ओळीनं बदललेलं! ती मतं धरली असती तर एक स्पर्धक जिंकला असता. आयोजकांनी ती बाद केली आणि तसं जाहीरही केलं. स्पर्धकाचं नाव मात्र सांगितलं नाही, कारण त्याला हे ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता.

आदल्या वर्षी चीनमधल्या चेंगडूत याच्या उलट घडलं होतं. आर. एफ. क्वांग यांची 'बाबेल' कादंबरी नामांकनाला पुरेशी मतं मिळूनही 'अपात्र' ठरली. कारण दिलंच नाही. २०२४ च्या सुरुवातीला हे सगळं उघडकीला आलं, तेव्हा त्याच समारंभात पुरस्कार मिळालेले ब्रिटिश लेखक एड्रियन चायकॉवस्की यांनी यापुढे आपण तो पुरस्कार मिरवणार नाही, असं सांगितलं. त्यांचा स्वतःचा काडीचा दोष नव्हता.

अन्याय हरलेल्यावर होतो, हे आपल्याला चटकन कळतं. जिंकलेल्यावरही होतो, हे मला उशिरा कळलं.

मागे एकदा गणपतीत मी मुलांच्या गोष्टींचा परीक्षक होतो. कागदांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. पण एका गोष्टीतलं लंगडं मांजर मी ओळखलं. ते माझ्या मित्राच्या घरचं होतं! मी अर्धा गुण जास्त टाकला. त्या अर्ध्या गुणानं त्याची लेक पहिली आली. स्टेजवरून उतरताना तिनं मला विचारलं, "काका, माझी गोष्ट खरंच सगळ्यात छान होती?"

मी "हो" म्हणालो. खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं. आणि माझ्यामुळे आता तिलाही ते कधी कळणार नव्हतं. दुसऱ्या आलेल्या मुलाचं मी काय हिरावलं, ते तर वेगळंच.

नारळीकरांनी नाव लपवून जे मिळवलं, ते हेच. आपली कथा स्वतःच्या पायावर उभी राहिली, ही खात्री. बक्षीस त्यानंतरचं.

यंदा कुठलं मांजर ओळखीचं निघालं, तर तो कागद मी दुसऱ्या परीक्षकाकडे देईन, आणि का दिला तेही सांगेन.