देवांच्या नावाने बोलणारे

सोरायसिस का होतो हे डॉक्टरांना थोडंफार ठाऊक आहे. आमच्या देवगाव रंगारीत ते सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. मागच्या जन्मी नाग मारला असेल, नाहीतर कुलदैवताचं काही राहिलं असेल. मी शिंपी आणि सोरायसिसचा रोगी. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप धरली की माझे तळवे आणि कोपरं त्याच्या डोळ्यांसमोरच येतात. त्यामुळे ही उत्तरं मला दुकानात बसल्या जागी मिळतात. "मामा, शांत करून घ्या एकदा," असं लोक मायेनेच सांगतात, हे खरं.

डॉक्टरांचं म्हणणं साधं आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती बिथरते. महिनाभरात बदलणारी कातडी चार-पाच दिवसांत बदलू लागते आणि पापुद्रे साचतात. रोग स्पर्शाने पसरत नाही. मनावर ताण आला की मात्र बळावतो. म्हणजे पापाचं ऐकून झोप उडते, खाज वाढते आणि तो वाढलेला चट्टाच पुन्हा पापाचा पुरावा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४च्या ठरावानेही या रोग्यांना सोसाव्या लागणाऱ्या कलंकाची दखल घेतली आहे.

माझं भांडण कर्माशी नाही. आपल्या दुःखाकडे पाहून 'माझंच काही चुकलं असेल' म्हणणाऱ्याला मी नमस्कार करीन. पण दुसऱ्याच्या कातडीकडे बघून 'तुझंच काही असेल' म्हणणं हा बिनसाक्षीचा आरोप झाला. दुसरे काही जण सांगतात, देह हे वस्त्र आहे, मनाला लावून घेऊ नका. शिंप्याला हे सांगू नये. वस्त्र रात्री खुंटीला टांगता येतं.

मला धीर दिला तो महाभारतातल्या देवापीने. प्रतीप राजाचा हा थोरला मुलगा, शंतनूचा भाऊ. सत्यवचनी, उदार, प्रजेचा लाडका; पण त्वचारोगी. उद्योगपर्वात त्याच्या अभिषेकाची तयारी होते आणि ब्राह्मण, वडीलधारे, नगरजन आडवे येतात: अंगात व्यंग असलेला राजा देवांना रुचत नाही म्हणे. बाप रडतो, मुलगा वनात जातो. त्याने पाप केल्याचं तिथे कुणीच म्हणत नाही, हे विशेष. पुढची गोष्ट बृहद्देवता या जुन्या संस्कृत ग्रंथात आहे. शंतनूच्या राज्यात बारा वर्षं पाऊस पडत नाही. तेव्हा शंतनू प्रजेसह देवापीकडे जातो. देवापी राज्य नाकारतो, भावाचा पुरोहित होऊन यज्ञ करतो आणि पाऊस येतो. ज्या देवांना तो रुचत नव्हता, त्यांनीच त्याचं ऐकलं! मग नावड कुणाची होती?

वेरूळचं घृष्णेश्वर आम्हाला जवळ. तिथे गाभाऱ्यात जायचं तर पुरुषाला अंगातलं वरचं वस्त्र काढावं लागतं. त्यापायी कैक श्रावण मी बाहेरूनच हात जोडले. देवापी वाचल्यावर आत गेलो. मागचा माणूस जरा अंतर ठेवून उभा राहिला. पिंडीवर हात ठेवला तेव्हा कुणी अडवलं नाही. चट्टे होते तेवढेच राहिले, खाजही तशीच. लाज मात्र माझी नव्हती, लोकांनी देवाच्या नावावर माझ्याकडे ठेवलेली होती, एवढं मला कळलं.

तुमच्या घरात कुणाला असे चट्टे असतील, तर त्याला मागच्या जन्माचा हिशेब मागू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. रोग मुळापासून जात नाही, पण औषधाने आटोक्यात राहतो.