ओल, रंग आणि घराची किंमत

पुण्यामुंबईत जुना फ्लॅट विकायला काढला की एजंटाची पहिली सूचना ठरलेली असते: आधी रंगाचा एक हात मारून घ्या. सूचना व्यवहारी आहे. खोली उजळते, फोटो चांगले येतात. तरी ती खटकते, कारण मळलेली भिंत आणि ओल धरलेली भिंत यांत ती फरकच करत नाही.

बाकीची यादी सगळ्यांना पाठ असते. गळका नळ, कुरकुरणारी बिजागरी, अडकणारी खिडकी, भिंतीतली खिळ्यांची भोकं. ही कामं घरच्या घरी होतात आणि व्हावीत. नळाचंच घ्या. खालचा अँगल कॉक बंद करायचा, पान्ह्याने नळाची मान सैल करायची आणि स्पिंडल बाहेर काढायचा. त्याच्या टोकाला चेपलेला, कडा कुरतडलेला काळा वायसर दिसतो. तो बदलला की टपटप थांबते. अख्खा नळच बदलायचा असेल तर टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ आवळताना ती सुटून येते.

अशा कामांत बिघाड जिथे दिसतो तिथेच असतो. ओलीचं तसं नाही. बेडरूमच्या भिंतीला खालून दीडदोन फुटांपर्यंत पोपडे आले असतील, तर दुखणं बहुधा पलीकडच्या बाथरूममध्ये असतं. फरशांच्या सांध्यांतलं सिमेंट झिजतं, पाणी खालच्या कोब्यात मुरतं आणि तिथून विटांमधून वर चढतं. वाटेतले क्षार त्यात विरघळतात. पृष्ठभागाशी येऊन पाणी उडून जातं, पण क्षारांचे स्फटिक गिलाव्यातच वाढत राहतात आणि रंगाला आतून ढकलतात. भिंतीला लोणा लागतो तो असा. त्यावर पुट्टी ओढून दोन हात रंग दिला तर भिंत नवी दिसते, पाणी मात्र येतच राहतं.

त्यात आपल्याकडे शाळांच्या वर्षामुळे घरं बदलण्याचा हंगाम एप्रिल-मेचा. त्याच दिवसांत भिंती सर्वांत कोरड्या असतात. मे महिन्यात रंगवलेली भिंत खरी कशी आहे ते कळायला ऑगस्ट उजाडतो, आणि तोवर साठेखत, खरेदीखत, किल्ल्या सगळं होऊन गेलेलं असतं.

विकणाऱ्याने दोष सांगावा का, हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. रोमन वक्ता सिसेरो याने इ.स.पू. 44 मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात असंच एक विकायला काढलेलं घर येतं: लाकूडकाम कुचकं, खोल्यांतून सरपटणारे जीव निघतात, आणि हे फक्त मालकाला ठाऊक. त्याने सांगावं का? स्टोइक तत्त्वज्ञ अँटिपेटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे. त्याचा गुरू, बॅबिलोनचा डायोजीनस, उलट बाजू घेतो. मालकाने घर घ्या म्हणून गळ घातलेली नाही, घेणाऱ्याला स्वतःची अक्कल आहे; आपल्याच मालाचे दोष सांगत सुटणारा विक्रेता कुणी पाहिलाय?

डायोजीनसचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. आजही कित्येक घेणारे फरशांपासून किचन ओट्यापर्यंत सगळं फोडूनच राहायला येतात. त्यांच्यासाठी विकणाऱ्याने रंगावर केलेला खर्च मातीतच जातो. पण घेणाऱ्याची नजर दिसणाऱ्या गोष्टींपुरतीच चालते. न बोलणं एक आणि दिसणारं बुजवून टाकणं दुसरं. सिसेरोने कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला, तो बरोबरच होता.

त्याच ग्रंथातला एक खटला तर आजचा वाटतो. सीलियस टेकडीवरच्या एका घराच्या उंचीमुळे शकुन पाहण्यात अडथळा येतो, म्हणून तेवढा भाग पाडा, असा हुकूम शकुन पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी मालकाला दिला. त्याने गुपचूप घर विकायला काढलं. घेणाऱ्याला तोच हुकूम पाळावा लागला. मग त्याला कळलं की विकणाऱ्याला हे आधीच माहीत होतं. मार्कस कॅटो या न्यायाधीशाने नुकसान विकणाऱ्याच्या माथी मारलं. सोसायटीला आलेली महापालिकेची नोटीस दडवून फ्लॅट विकणाऱ्याने हा खटला जरूर वाचावा.

आपला कायदाही अँटिपेटरच्या बाजूचा आहे. 1872च्या करार कायद्याचं कलम 17 माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं फसवणुकीत धरतं. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 म्हणतं की विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला साध्या काळजीने न सापडणारा महत्त्वाचा दोष त्याने सांगितला पाहिजे. रेरा या स्थावर संपदा कायद्याची पाच वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारी बिल्डरवर असते. जुना फ्लॅट विकणाऱ्या साध्या मालकावर ती येत नाही. म्हणून पुनर्विक्रीत ही जुनीच कलमं महत्त्वाची.

या सगळ्यावरून विकणाऱ्याने ओलीला हातच लावू नये, असं म्हणावंसं वाटतं. पण कायद्याचा शब्द पाहा: ठाऊक असलेला दोष. मग ज्याला काही ठाऊक नाही तोच सुरक्षित, आणि रंगाऱ्याकडे किल्ली देऊन गावाला गेलेला मालक सर्वांत निर्धास्त. हे पटण्यासारखं नाही. जो गुडघ्यावर बसून जाळी उचलतो, त्यालाच घर कळतं. तेव्हा ओलीला मालकाने हात लावावाच, पण आधी शोधासाठी. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये फडक्याचा बोळा घट्ट बसवावा, इंचभर पाणी साठवावं, कडेला पेन्सिलने रेघ मारून चोवीस तास थांबावं. रेघ सोडून पाणी बरंच उतरलं, किंवा खालच्या मजल्यावरच्या छताला डाग पडला, तर गळती जमिनीतूनच आहे. भिंतीवर प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब आतल्या बाजूला धरले तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला धरले तर हवेतली.

एवढं कळल्यावर सांधे स्वतः भरायचे की वॉटरप्रूफिंगवाला बोलवायचा, हे खिशाने ठरवावं. स्लॅबमधली सळई गंजून काँक्रीट सुटत असेल तर मात्र थापी हातात घेऊ नये. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो आणि वरून लावलेलं प्लास्टर ढकलून पाडतो; ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आणि सोसायटीचं.

सांगितल्याने किंमत उतरते, हा आक्षेप खरा आहे. पण न सांगण्याचीही किंमत असते आणि ती सगळे मिळून भरतात. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हे दाखवलं: चांगलं-वाईट ओळखता येत नसेल तर घेणारा सगळ्यांनाच सरासरी दर्जाचं धरून भाव लावतो, आणि चांगला माल असणारा बाजारातून उठून जातो. जुन्या घरांच्या बाजारात घासाघीस एवढी कडवट होते, त्यामागे हा अविश्वासच आहे.

म्हणून मे महिन्यात घर दाखवणाऱ्याने गेल्या ऑगस्टमधले भिंतींचे फोटो सोबत ठेवावेत. वॉटरप्रूफिंगची पावती आणि त्याचं वर्ष, शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटची प्रत, कोणती चावी कोणत्या खोलीचं पाणी बंद करते त्याचा कागदही द्यावा. नळ, बिजागऱ्या, खिडक्या नीट करून घर स्वच्छ झाडून द्यावं. ओलीची भिंत रंगवायचीच असेल तर फुगलेला गिलावा विटेपर्यंत काढून ती एक पावसाळा तशीच उघडी ठेवावी, आणि तेवढा वेळ नसेल तर डागासकट दाखवून त्या कामाचे पैसे किमतीतून वजा करावेत.