लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया आणि शरीराची अमानत

वजन घटविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेणे शरीअतच्या दृष्टीने योग्य आहे काय, हा प्रश्न आता आपल्या नागपुरातील कुटुंबांतही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन प्रकारची भीती असते. अल्लाहने दिलेला अवयव कापून टाकणे हा गुन्हा तर नव्हे, ही पहिली. आणि लोक काय म्हणतील, ही दुसरी. पहिल्या भीतीचे निराकरण धर्मशास्त्र करते. दुसरीचे निराकरण करण्याची जबाबदारी मात्र, प्रिय वाचकहो, आपणा सर्वांवर आहे, आणि तीच अधिक अवघड आहे.

ही शस्त्रक्रिया नागपूरकरांना अगदीच अपरिचित नाही. आपल्या शहराचे नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ती करून घेतली, तेव्हा वृत्तपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली होती. तिच्या दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकून उरलेल्या भागाची अरुंद नळी केली जाते. भूक चेतविणारे एक संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. ‘बायपास’ पद्धतीत जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा बीएमआय ३५ वा त्याहून अधिक असल्यास, अथवा त्याहून कमी असूनही मधुमेहासारखा आजार आटोक्यात येत नसल्यास डॉक्टर हा उपाय विचारात घेतात.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे, याविषयी दुमत नाही. अल्लाहच्या रचनेत फेरफार करविणे हा सैतानाचा मनसुबा असल्याचे सूरह निसामध्ये (४:११९) सांगितले आहे. परंतु अमानत नष्ट होत असताना हात बांधून पाहत राहणे म्हणजे ती राखणे नव्हे. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक एका लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसविले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. पुरुषांना एरवी वर्ज्य असलेले सोने येथे गरजेपोटी चालले. हजरत उर्वा बिन जुबैर (रह.) यांच्या पायाला कुजविणारा रोग जडला, तेव्हा तो पसरू नये म्हणून त्यांनी पाय कापून घेतला. भाग गेला, पण देह वाचला. २००७ साली मलेशियातील पुत्राजाया येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनातही हीच दिशा दिसते. वजन हा आजार झाला असेल, अन्य उपाय उरला नसेल आणि अपाय टळत असेल, तर शस्त्रक्रियेची मोकळीक आहे. यावरून सीमारेषाही स्पष्ट होते. निरोगी मुलीचे लग्न जमावे म्हणून किंवा छायाचित्रात सडपातळ दिसावे म्हणून तिच्या पोटावर सुरी चालविणे या मोकळिकीत बसत नाही.

“पण हा आळशाचा मार्ग नव्हे काय? कमी खावे, रोजे ठेवावेत, नफ्सवर ताबा मिळवावा!” हा आक्षेप बहुधा धर्मपरायण माणसेच घेतात. त्याचा आधार भक्कम आहे. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी राखावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपणास ठाऊक आहे. मात्र ती प्रत्येकाने स्वतःच्या ताटाला लावावयाची आहे. दुसऱ्याचे शरीर पाहून त्याच्या ईमानचा निवाडा करण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. इजिप्तमधील इमान अहमद ही सुमारे ५०० किलो वजनाची महिला फेब्रुवारी २०१७ मध्ये उपचारासाठी मुंबईत आणली गेली, हे आपणास आठवत असेल. तिच्या लठ्ठपणामागे एक जनुकीय दोष असल्याचे तेथील डॉक्टरांनी सांगितले होते. तिला कोणी नफ्सची गुलाम म्हणाले असते, तर तो सरळ बोहतान ठरला असता. शस्त्रक्रियेनंतर तिचे वजन पुष्कळ उतरले, तरी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबी येथे तिचे निधन झाले. उपचार करणे माणसाच्या हाती आहे, शिफा अल्लाहच्या हाती. आणि समजा, एखाद्याचे वजन खरोखर अतिरेकी खाण्यानेच वाढले असेल, तरीही त्याचा उपचाराचा हक्क संपत नाही. काही ग्रामीण अरबांनी उपचाराविषयी विचारले असता प्रेषितांनी (स.) उपचार करा असे सांगितले, आजार कोणाच्या चुकीने झाला, याची अट घातली नाही.

निर्णय झाला असेल तर तयारी नियतपासून सुरू करावी. इस्तिखारा करावा, अनुभवी डॉक्टरांशी मशवरा करावा, आणि त्यांच्यापासून काहीही लपवू नये. आपल्या विदर्भात खर्रा खाणारे पुष्कळ. बिडी, सिगारेट, खर्रा यांची खरी माहिती देणे आणि ते सोडणे, हा येथे प्राणरक्षणाचा भाग आहे. तंबाखूमुळे जखमा भरण्यास अडथळा येतो. शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, प्रथिनयुक्त आहार देतात, जेणेकरून यकृताची सूज उतरून डॉक्टरांना काम करणे सुकर व्हावे. ज्याला हे दोन आठवडे पाळता येत नाहीत, त्याने पुढील आयुष्याचा विचार पुन्हा करावा.

कारण खरी परीक्षा नंतर आहे. प्रथम केवळ द्रवपदार्थ, मग वाटलेले, मग मऊ अन्न, असे करीत नेहमीच्या जेवणापर्यंत येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. घास लहान, चावणे सावकाश, जेवताना पाणी नाही. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या बहुतेकांना आयुष्यभर घ्याव्या लागतात. कॅप्सूलच्या जिलेटिनविषयी शंका असल्यास डॉक्टरांकडून पर्याय मागून घ्यावा, परस्पर औषध बंद करू नये. काही महिने केस गळतात, मन खचते. स्त्रियांनी साधारण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, असा सल्ला दिला जातो. तो पतीनेही तितक्याच गांभीर्याने ऐकावा.

रमजानचा प्रश्न येथेच उद्भवतो. लहान झालेल्या जठरात एका वेळी थोडेच पाणी मावते, म्हणून इफ्तार ते सहरी या वेळात दिवसभराची तहान भरून काढणे प्रारंभीच्या महिन्यांत धोक्याचे ठरू शकते. आजाऱ्याने इतर दिवसांत संख्या पूर्ण करावी, ही सवलत सूरह बकरामध्ये (२:१८४-१८५) स्वतः अल्लाहने दिली आहे. डॉक्टरांनी मनाई केली असता हट्टाने रोजा ठेवणे म्हणजे ही देणगी परत करणे होय. प्रकृती सुधारल्यावर कजा करावी. कायमची असमर्थता असल्यास फिदया आहे.

आता दुसऱ्या भीतीकडे वळू या. शस्त्रक्रियेने जठर लहान होते, घराचा दस्तरखान मात्र तसाच राहतो. रुग्ण चार घासांत थांबतो, आणि आपण म्हणतो, “बिर्याणी तुमच्यासाठीच केली, एवढे तरी घ्या!” पाहुणचार हे आपले भूषण खरे, पण ज्या आग्रहाने पाहुण्याला अपाय होतो, त्याला पाहुणचार कसे म्हणावे? अनेक जण हा उपचार लपवितात, कारण आधी त्यांना ‘जाड्या’ म्हणणारेच नंतर ‘पोट कापून घेतले’ म्हणून हसतात. एकदा हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या काटकुळ्या पायांना काही सोबती हसले. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, अल्लाहच्या तराजूत हे पाय उहुद पर्वताहूनही जड भरतील. तेथे शरीर बारीक होते, येथे स्थूल आहे. हसणे मात्र तेच. स्थूल असणे हे पाप आहे, असे शरीअतने कोठेही म्हटलेले नाही. टवाळी करण्यास मात्र सूरह हुजुरातने (४९:११) स्पष्ट मनाई केली आहे.

म्हणून एखाद्याने आपणास विचारले, “ही शस्त्रक्रिया जायज आहे काय?” तर त्याला त्याच्या आजाराप्रमाणे उत्तर द्यावे, आणि मग आपला आग्रह, आपला विनोद, आपली कुजबुज जायज आहे काय, हेही स्वतःला विचारावे. अल्लाह रुग्णांना शिफा देवो, आणि आपल्या दस्तरखानांना संयम व जिभांना दया प्रदान करो. आमीन.