मुंग्यांच्या मागचं जंगल

अँटबर्ड हे नाव फसवं आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण जंगलांतले हे छोटे पक्षी. त्यांतले जे लष्करी मुंग्यांच्या मागावर जगतात, ते मुंग्या खायला येतच नाहीत. मुंग्यांची फौज पाचोळ्यातून सरकू लागली की नाकतोडे, झुरळं, कोळी जिवाच्या भीतीने बाहेर उसळतात आणि पक्षी त्यांना टिपतात. अशा मूठभर जिवाला जंगल किती लागणार? थोडक्यात भागेल, असं आपण धरून चालतो, आणि तिथेच हिशेब चुकतो. मुंग्यांची वसाहत सुमारे पंधरा दिवस जवळजवळ रोज मुक्काम हलवत शिकार करते, मग वीसेक दिवस एकाच जागी थांबते. त्या काळात तिच्या स्वाऱ्या विरळ होतात. एकाच वसाहतीच्या भरवशावर राहिलेला पक्षी उपाशी मरेल. त्याला आसपास अनेक वसाहती हव्यात, आणि एकेका वसाहतीलाच फिरायला कित्येक हेक्टर रान लागतं. पक्ष्याची गरज त्याच्या आकारावरून ठरत नाही, ती मुंग्यांच्या वाटचालीवरून ठरते.

ब्राझीलमध्ये मनाऊसच्या उत्तरेला थॉमस लवजॉय यांच्या पुढाकाराने १९७९मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात हे उघड दिसलं. कुरणांसाठी जंगल तुटत असताना १, १० आणि १०० हेक्टरांचे तुकडे राखले गेले. लहान तुकड्यांत झाडं उभी राहिली, पण मुंग्यांमागे फिरणारे पक्षी लवकरच दिसेनासे झाले. यावर कुणी म्हणेल, पक्ष्याला पंख आहेत, तो पलीकडच्या जंगलात जाईल. पनामातल्या गातुन सरोवरात हेच तपासलं गेलं. होडीतून सोडलेल्या जंगली पक्ष्यांपैकी काही जातींना १०० मीटर पाणीही ओलांडता आलं नाही. सावलीत, फांदीवरून फांदीवर जगणाऱ्याला उघडं अंतर भिंतीसारखं असतं. त्याच सरोवरातलं बारो कोलोराडो बेट सुमारे १,५०० हेक्टरांचं, तरी तिथूनही एक मोठा अँटबर्ड १९७०च्या सुमारास नाहीसा झाला.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: मग लहान तुकडे राखायचेच कशाला? पण मनाऊसजवळच काही कुरणं सोडून दिल्यावर तिथे सेक्रोपियाची झाडं माजली, आणि त्या वाढीच्या आडोशाने मुंग्यांचे सोबती पुन्हा तुकड्यांत येऊ लागले. तुकडे तेवढेच होते. बदललं होतं ते त्यांच्या मधलं रान.