आकाश स्वच्छ असताना ‘थांबा’ म्हणणारा माणूस



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २६.

इथे भगवंत सात्त्विक कर्त्याची ओळख सांगतात. तो आसक्तीत अडकत नाही, ‘मी केलं’ म्हणून मिरवत नाही, त्याच्याकडे धीर आणि उत्साह असतो, आणि यश-अपयशाने तो हलत नाही. वाचायला छान वाटतं. पण हे रोजच्या कामात कसं दिसतं?

जून १९४४. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळचं साउथविक हाउस. जेम्स स्टॅग हे स्कॉटिश हवामानतज्ज्ञ जनरल आयझेनहॉवर यांचे मुख्य हवामान सल्लागार होते. ५ जूनला नॉर्मंडीवर उतरायचं ठरलेलं. दीड लाखाहून जास्त सैनिकांचा प्रश्न. उपग्रह नाहीत, कॉम्प्युटर नाहीत; जहाजांवरून आणि किनाऱ्यावरच्या ठाण्यांवरून आलेले आकडे, आणि हाताने काढलेले नकाशे. त्यात तज्ज्ञांच्या तीन गटांचं एकमत होईना. सेनापतींना मात्र एकच उत्तर हवं होतं.

४ जूनच्या पहाटे तिथलं आकाश जवळपास निरभ्र होतं. तरी स्टॅग यांचा सल्ला होता, ५ तारखेला वादळी हवा असेल. मोहीम २४ तास पुढे गेली. त्याच रात्री बाहेर पाऊस-वारा सुरू असताना त्यांनी सांगितलं, ६ जूनला थोडी उघडीप मिळेल. दोन्ही वेळा डोळ्यांना दिसत होतं त्याच्या उलट! आणि दोन्ही अंदाज खरे ठरले.

६ जूनला सैन्य उतरलं. त्या दिवशी हजारो जीव गेले. अंदाज बरोबर आला म्हणून मरण टळलं नाही. ते स्टॅग यांच्या हातात नव्हतंच. वादळ त्यांनी आणलं नव्हतं, उघडीपही नाही. हातात एवढंच होतं: आकडे प्रामाणिकपणे वाचायचे आणि कळलं ते स्पष्ट सांगायचं.

आपण काय करतो? मीटिंगमध्ये प्रोजेक्ट रखडणार हे दिसत असतं, तरी ‘सगळं ओके आहे’ म्हणतो. नकोशी बातमी सांगून वाईट कोण होणार? ही आसक्ती कामाची नसते, आपल्या इमेजची असते. भगवंत तीच सोडायला सांगतात.

आजचा छोटा संकल्प: जे खरं दिसतंय पण सांगायला जड जातंय, असं एक वाक्य आज योग्य माणसाला शांतपणे सांगूया. पुढचं त्याच्यावर सोडूया.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥